ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र: संताप समजतो, पण भीती पसरवू नका

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांचे कार्यकर्ते, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांचे अ‍ॅडमिन आणि त्या गटांतले सगळे आईबाबा यांना,

सस्नेह नमस्कार.

१५ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने कॉन्स्टन्स मार्टेन आणि मार्क गॉर्डन या जोडप्याला प्रत्येकी १४ वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांच्या नवजात मुलीच्या, व्हिक्टोरियाच्या, मृत्यूबद्दल. त्यानंतर आपल्या गटांत जे जे लिहिलं गेलं ते वाचून हे पत्र लिहायला बसले आहे. मी इंग्लंडमध्ये हेल्थ व्हिजिटर आहे. बाळ दहा-बारा दिवसांचं झालं की तुमच्या घरी येते, त्याचं वजन बघते, रेड बुकमध्ये, म्हणजे बाळाच्या आरोग्याच्या नोंदवहीत, नोंद करते आणि आईला झोप कशी लागते, जेवण जातं का, असं विचारत बसते. या खटल्याशी माझा कामाचा काहीही संबंध नाही. मला त्यातलं जे माहीत आहे ते न्यायालयात सगळ्यांसमोर सांगितलं गेलेलंच आहे. पण तुम्ही त्या बाळाबद्दल जे बोलता, त्याचे पडसाद मला घराघरांत ऐकू येतात, म्हणून हा प्रपंच.

आधी काय घडलं ते नीट सांगते, कारण फॉरवर्ड होत होत त्याचं बरंच काही वेगळं झालं आहे.

या जोडप्याची आधीची चारही मुलं फॅमिली कोर्टाच्या आदेशाने त्यांच्यापासून काढून घेतली गेली होती. पाचव्यांदा दिवस गेले तेव्हा त्यांनी ते लपवलं. डॉक्टर नाही, मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) नाही, कुठे नोंद नाही. २०२२ च्या डिसेंबरअखेरीस मुलगी जन्मली. ५ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी बोल्टनजवळ एम-६१ मोटरवेवर त्यांच्या गाडीला आग लागली आणि ते तिथून निघून गेले. गाडीत पोलिसांना बाळंतपणात पडणारी वार सापडली, म्हणजे नुकतंच बाळंतपण झालेलं होतं. तिथून देशभर शोध सुरू झाला. टॅक्सीचं भाडं रोख मोजत ते लिव्हरपूल, हार्विच, कोलचेस्टर करत पूर्व लंडनला आले आणि तिथून दक्षिण किनाऱ्यावर न्यूहेवनला गेले. साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर, ऐन जानेवारीत, तंबूत राहिले. २७ फेब्रुवारीला ब्रायटनमध्ये दोघं पकडले गेले तेव्हा त्यांच्याजवळ बाळ नव्हतं. ते कुठे आहे हे दोघांनीही सांगितलं नाही. शेकडो पोलीस शोधत होते. १ मार्चला एका शेडमध्ये, दुकानातल्या पिशवीत, कचऱ्याखाली ते सापडलं.

आईचं म्हणणं असं की बाळ जॅकेटच्या आत छातीशी होतं, तिला बसल्या बसल्या डोळा लागला आणि जाग आली तेव्हा बाळ गेलेलं होतं. सरकारी वकिलांचं म्हणणं की थंडीने किंवा गुदमरून, पण निष्काळजीपणानेच गेलं. शवविच्छेदनातून मृत्यूचं नेमकं कारण ठरवता आलं नाही, कारण मध्ये बरेच आठवडे गेले होते. २०२४ मध्ये पहिल्या खटल्यात जन्म लपवणं, मुलावर क्रौर्य आणि न्यायात अडथळा आणणं हे गुन्हे सिद्ध झाले, पण सदोष मनुष्यवधावर ज्यूरीचं एकमत झालं नाही. फेरखटला चालला आणि जुलै २०२५ मध्ये तोही गुन्हा सिद्ध झाला.

हे वाचून तुमचा जीव कळवळला, हे मला माहीत आहे. आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. आणि इथे पंधरा दिवसांचं पोर टेकडीवर, तंबूत. अनेकींनी लिहिलं की रात्रभर झोप आली नाही. मलाही आली नव्हती.

थंडीबद्दल थोडं सविस्तर सांगते. निकालानंतर काही जणांनी लिहिलं, ‘कपड्यांत गुंडाळलं होतं ना, मग थंडीने कसं जाईल?’ नवजात बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. थंडी वाजली की आपलं अंग थरथरून ऊब तयार करतं, त्याला ते जमत नाही. मानेभोवती आणि पाठीत असलेली विशेष चरबी जाळून ते ऊब मिळवतं, आणि ती चरबी थोडीच असते. वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ फार मोठं असतं, डोकं तर शरीराच्या मानाने केवढं, त्यामुळे ऊब झपाट्याने निघून जाते. कपडे ओले असतील तर आणखी वेगाने. आणि गार पडलेलं बाळ रडत नाही. ते सुस्त होतं, दूध ओढत नाही, गप्प पडून राहतं. थकलेल्या आईला वाटतं, बरं झालं, झोपलं.

दुसरी बाजू गुदमरण्याची. दमलेली व्यक्ती बाळाला छातीशी धरून सोफ्यावर किंवा खुर्चीत झोपली, तर बाळाच्या अचानक मृत्यूचा धोका ५० पटींपर्यंत वाढतो, असं बाळांचे अचानक होणारे मृत्यू टाळण्यासाठी काम करणाऱ्या इथल्या लुलाबाय ट्रस्ट या संस्थेचं सांगणं आहे. बाळाची मान पुढे झुकली की श्वासनलिका दबते. नाक कपड्यात दडलं तर मान वळवण्याची ताकद त्याच्यात नसते. बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, मोकळ्या चेहऱ्याने झोपवा हे आम्ही पहिल्या भेटीपासून घोकून घेतो ते याचसाठी. १९९१ मध्ये या देशात ही मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू झपाट्याने खाली आले. व्हिक्टोरियाच्या आईवडिलांना हे ठाऊक नव्हतं, असं नाही. २०१७ च्या हिवाळ्यात, वेल्समध्ये पहिलं मूल झालं तेव्हाच, नवजात बाळाला तंबूत ठेवू नका आणि बाळाला कुशीत घेऊन झोपी जाऊ नका असं त्यांना बजावलं गेलं होतं. फेरखटल्यात ज्यूरीसमोर ते आलं. त्यामुळे त्या दोघांची बाजू घेण्यासाठी हे पत्र नाही. त्यांना झालेली शिक्षा मला योग्य वाटते.

माझं दुखणं वेगळं आहे. निकालानंतर आपल्या गटांत जे सूर उमटले, त्यांतला पहिला संतापाचा. फासावर द्या, दगडाने ठेचा, वगैरे. तो राग मी समजू शकते आणि त्यावर फार बोलत नाही. दुसरा सूर होता, ‘हे गोऱ्यांचे प्रकार, आपल्यात असं होत नाही.’ आणि तिसरा, जो सगळ्यांत जास्त फॉरवर्ड झाला, तो असा: बघा, सोशल सर्व्हिसेसच्या (मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) भीतीने ती बिचारी पळत सुटली, हे लोक मुलं उचलून नेतात, म्हणून हेल्थ व्हिजिटरला काही सांगायचं नाही, दारातच बोलून वाटेला लावायचं, जीपीसमोर (आपल्या नेहमीच्या डॉक्टरसमोर) रडायचं नाही.

हा तिसरा सूर मला झोपू देत नाही.

ही भीती आपल्यात आली कुठून, तेही मला माहीत आहे. २०११ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगर इथे एका बंगाली जोडप्याची दोन मुलं बाल कल्याण खात्याने नेली. ती भारतात परत आणायला दोन्ही सरकारांत बोलणी व्हावी लागली आणि आईच्या हाती मुलं येईपर्यंत २०१३ उजाडलं. २०२१ मध्ये बर्लिनमध्ये एका गुजराती कुटुंबाची सात महिन्यांची मुलगी अशीच नेली गेली. त्या बातम्या प्रत्येक परदेशस्थ भारतीय आईच्या काळजात रुतून बसल्या आहेत. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या मुलाचं भवितव्य कुणी तरी अनोळखी माणूस ठरवणार, याचा धसका बसणं स्वाभाविक आहे. आणि इंग्लंडमध्येही न्यायालय आईवडिलांच्या संमतीशिवाय मूल दत्तक देऊ शकतं, हे खरं आहे. मी ते लपवणार नाही.

पण ते कसं घडतं, हेही पूर्ण सांगायला हवं. आधी हे की हेल्थ व्हिजिटर ही सोशल वर्कर नव्हे. ती नोंदणीकृत नर्स किंवा मिडवाइफ असते आणि तिला कुणाचंही मूल नेण्याचा अधिकार नाही. बाळाला धोका आहे असं तिला दिसलं तर तिने कळवायचं असतं, हे खरं, आणि मीही ते केलं आहे. पण आई रात्री रडते, घर अस्ताव्यस्त आहे, दूध कमी येतं, बाळाचा राग येतो असं ती म्हणाली, याला कुणी धोका म्हणत नाही. आम्ही जो दहा प्रश्नांचा कागद पुढे करतो तो बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी आहे. त्यात खरी उत्तरं दिली तर समुपदेशन मिळतं, औषध मिळतं, जास्त वेळा भेटी होतात. आपल्या कितीतरी मुली तो कागद पाहताच ‘सगळं छान आहे’ असं हसून सांगतात आणि दार बंद झाल्यावर ओक्साबोक्शी रडतात. हे मला नंतर कळतं, कधी कधी फार उशिरा.

सोशल सर्व्हिसेसकडे गोष्ट गेली तरीही लगेच कुणी मूल उचलत नाही. १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये गरजू मुलाच्या कुटुंबाला मदत देण्याचं कलम, म्हणजे कलम १७, आधी येतं. मूल काढून घ्यायचं तर मोठी इजा झाली आहे किंवा होण्याचा संभव आहे, हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. पोलीस तातडीने मुलाला सुरक्षित ठेवू शकतात, पण जास्तीत जास्त ७२ तास. त्यापुढे न्यायाधीशच लागतो. खटला उभा राहिला तर आईवडिलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यांचा पगार कितीही असो. मुलाचा स्वतंत्र वकील असतो आणि त्याचं हित बघणारा एक त्रयस्थ ‘गार्डियन’ही नेमला जातो. दुभाषा मागता येतो. दत्तकाबद्दल २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल तेव्हाच हा मार्ग धरावा. एक चापट मारली की मुलं नेतात, हे फॉरवर्डही तितकंसं खरं नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मुलांना मारणं कायद्याने पूर्ण बंद झालं आहे आणि ते योग्यच आहे, पण त्याची पहिली पायरी समज देण्याची असते, मुलं नेण्याची नसते.

या सगळ्या व्यवस्थेत चुका होत नाहीत असं मी म्हणणार नाही. होतात. सोशल वर्कर वारंवार बदलतात, कुटुंबाला तेच तेच पुन्हा सांगावं लागतं, एखादा अधिकारी आपल्या घरातल्या रीतीभाती समजून न घेता अहवाल लिहितो. आणि ज्या आईचं मूल कोर्टाने नेलं तिच्याकडे नंतर कुणी वळूनही पाहत नाही, हा या देशातला सगळ्यांत मोठा खड्डा आहे असं माझं मत आहे. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी न्यायालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की अशा दर चार आयांपैकी किमान एक जण पुन्हा दुसऱ्या मुलासाठी त्याच न्यायालयात उभी राहते. दुःख तसंच, दारिद्र्य तसंच, मारणारा नवरा तसाच, आणि पुन्हा दिवस गेलेले. लंडनच्या हॅकनी भागात २०१३ साली सुरू झालेला ‘पॉज’ हा उपक्रम नेमक्या याच बायकांसोबत काम करतो, पण तो सगळीकडे पोहोचलेला नाही. मूल नेतानाच आईच्या मदतीचीही सोय लागली पाहिजे, ही मागणी मी माझ्या वरिष्ठांकडे लावून धरते आणि तुम्ही तुमच्या खासदाराकडे लावून धरा. व्हिक्टोरियासाठी रागावलेल्यांपैकी फार थोड्यांनी ती केली आहे.

आता ‘आपल्यात असं होत नाही’ याबद्दल. मार्टेन मोठ्या जमीनदार घराण्यातली, बँकेत पैसा असलेली बाई. वर्तमानपत्रांनी तिच्या वाड्याचे फोटो छापले, गॉर्डनने चौदाव्या वर्षी अमेरिकेत केलेल्या बलात्काराची आणि त्याने भोगलेल्या सुमारे वीस वर्षांच्या तुरुंगवासाची पानं भरली. त्या सगळ्यात एक गोष्ट मागे पडली. आधीच्या एका गरोदरपणात ती खिडकीतून पडून जबर जखमी झाली होती आणि त्याला गॉर्डन जबाबदार होता, असा निष्कर्ष फॅमिली कोर्टाने काढला होता. तरीही ती त्याच्याच बाजूने उभी राहिली, शेवटपर्यंत. माझ्या कामात मी पाहते की नवरा हात उगारतो हे घरच्यांपासून, शेजाऱ्यांपासून आणि डॉक्टरांपासून लपवण्यात आपल्या मुली इतर कुणाहूनही मागे नाहीत. शिक्षण आहे, नोकरी आहे, नाव आहे, आणि तरीही. शिवाय व्हिसा नवऱ्याच्या नावावर. माहेर हजारो मैल दूर. लोक काय म्हणतील, ही चिंता विमानात बसून आपल्याबरोबरच आली आहे.

लग्नाआधी दिवस गेलेली, विद्यार्थी व्हिसावर आलेली एखादी मुलगीही आपल्यातच असते. ती बोलत नाही. सैल कपडे घालते, गटात गणपतीच्या फोटोंना हात जोडते आणि तुमचे फॉरवर्ड वाचते. ‘सांगितलंस तर मूल जाईल’ हा तुमचा एक मेसेज तिच्यासाठी मिडवाइफच्या दाराला लागलेली कडी ठरतो. गरोदरपण लपवलं की रक्तदाब बघितला जात नाही, बाळाची वाढ बघितली जात नाही, बाळंतपणात रक्तस्राव झाला तर बाथरूममध्ये एकटीने तोंड द्यावं लागतं. पहिल्या चोवीस तासांतच बाळ दगावू शकतं. त्यासाठी तंबू लागत नाही. हीटर लावलेल्या, भाड्याच्या उबदार खोलीतसुद्धा ते होऊ शकतं.

इथल्या कायद्याने गर्भातल्या बाळाला स्वतंत्र व्यक्ती मानलेलं नाही. जन्माआधी कुठलंही न्यायालय त्याच्यासाठी आदेश देऊ शकत नाही. म्हणजे त्या नऊ महिन्यांत बाळाला वाचवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आईचा विश्वास. तो विश्वास कमवायचं काम आमचं आहे आणि आम्ही पुष्कळदा त्यात कमी पडतो. पण निदान तो बाहेरून पोखरला जाऊ नये, एवढी विनंती मी तुम्हाला हात जोडून करते आहे.

गटांच्या अ‍ॅडमिननी व्हिक्टोरियाचा ब्लँकेटमधला म्हणून फिरणारा तो खोटा फोटो कृपया काढून टाकावा. ते बाळ ती नाही. हेल्थ व्हिजिटरला दारात थांबवण्याचे सल्लेही उडवावेत. कुणाला सोशल सर्व्हिसेसचा वाईट अनुभव आला असेल तर तो जरूर लिहावा, पण सोबत वकील कसा मिळाला, पुढे काय झालं हेही लिहावं, म्हणजे वाचणारीला वाट दिसेल. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे. गावोगावच्या मंडळांकडे सभागृहं आहेत, माणसं आहेत, ढोलताशाची पथकंही आहेत. पुढच्या कार्यक्रमात नाटकाआधीची पंधरा मिनिटं मला किंवा तुमच्या भागातल्या एखाद्या मिडवाइफला द्या. मराठीत बोलू. पुरुषांनाही बसवा, कारण रात्री बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणारे बाबाही पुष्कळ आहेत.

आणि या गटांत कुठेतरी गप्प बसलेली ती मुलगी हे वाचत असेल तर तिला थेट सांगते. बहुतेक ठिकाणी जीपीकडे न जाताही जवळच्या रुग्णालयाच्या मॅटर्निटी विभागाच्या वेबसाइटवर तू स्वतः नाव नोंदवू शकतेस. लग्न झालं आहे का, यावर ते अवलंबून नाही. व्हिसासाठी आरोग्य अधिभार भरला असशील तर बाळंतपणाचे वेगळे पैसे लागत नाहीत, आणि भरला नसेल तरी पैशांसाठी बाळंतपणाची सेवा अडवायची नाही, असा इथला नियम आहे. बिल नंतर येऊ शकतं, त्याचं नंतर बघता येतं. किती महिने उलटले, इतके दिवस का लपवलंस, याची लाज वाटून थांबू नकोस. आठव्या महिन्यात आलेल्या बायकाही आम्ही पाहिल्या आहेत आणि त्यांची बाळं आज शाळेत जातात. मिडवाइफ तुला एकटीला आत बोलावून घरात कुणाची भीती वाटते का, असं विचारेल. तेव्हा खरं सांग. मराठी दुभाषा हवा म्हणालीस तर फोनवरून मिळतो, आणि तो तुझ्या ओळखीचा नसेल याची काळजी घ्यायला त्यांना आधीच सांगून ठेव.

आपली,
एक मराठी हेल्थ व्हिजिटर